नदीकाठी सापडलेलं डायपर

बारा वाजायला आले होते, बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन होतं, आणि आल्बी आजोबांचा पत्ता नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराच्या त्या वृद्धाश्रमात सेविका सालोते एकेक खोली पुन्हा धुंडाळून आली होती. चौऱ्याऐंशी वर्षांचा विसरभोळा म्हातारा, अशा उन्हात पाण्यावाचून किती टिकणार? वर बोट तिच्याकडेच. बागेचं फाटक हिनेच उघडं टाकलं, असं व्यवस्थापिका नोरीन सांगत सुटली होती.

आश्रमाच्या गाडीची दारातली जागा मोकळी होती. हवालदार मेरिकने तिथे आपली गाडी लावली, आत येऊन पिशवी टेबलावर ठेवली. आजोबांची एक स्लिपर आणि चड्डीसारखं चढवायचं डायपर.

"नदीकाठी मिळालं. दोन्ही बाजूंनी टरकावलेलं. हे काढून पाण्यात उतरला असणार. पाणबुडे येतायत."

"मी बजावलं होतं हिला!" नोरीन कडाडली. "इतकी वर्षं नर्स होते मी, असला गलथानपणा पाहिला नाही!"

सालोतेला फिजीहून येऊन जेमतेम वर्ष झालेलं; आता तुरुंगच की काय! पण तिची नजर डायपरवरून हटेना. हा नव्या घडणीचा, आश्रमात वापरून बघायला आलेला नमुना होता. कुठे काचतं, कुठे सैल पडतं, हे ती महिनाभर कारखान्याला लिहून कळवत होती. तिने हातमोजे चढवून मांडीकडची झालर चाचपली.

"साहेब, हे कुणी घातलेलंच नाही."

"कशावरून?"

"झालर बघा. पाकिटातली घडी अजून तशीच आहे. पाच मिनिटं जरी अंगात असतं, तरी रबर ताणलं जाऊन ती उभी राहिली असती."

"मग फाडलं कशाला?"

"तेच तर! स्वतःचं काढणारा ते खाली सरकवतो. शिवण टरकावते ती दुसऱ्याचं बदलणारी. आमच्या हाताला ती खोडच असते."

"म्हणजे तूच फाडलंस!" नोरीन म्हणाली.

सालोतेला आता गप्प बसणं आणखी भीतीचं वाटलं.

"नमुन्यांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते, नोरीनताई. आज तुम्ही ते उघडलंच नाहीत, म्हणून मी आजोबांना जुनंच घातलं."

मेरिक नोरीनकडे वळला. "सकाळी त्यांना बाहेर कुणी नेलं होतं?"

"मी. दाताच्या डॉक्टरकडे. साडेनवाला आणून बागेत सोडलं."

"गाडीतून आलेल्या माणसाला आधी माझ्याकडे आणतात, बदलायला," सालोते म्हणाली. "आजोबा आलेच नाहीत. आणि साहेब, दारातली गाडी कुठंय?"

नोरीनची नजर नकळत खिडकीबाहेर धोबीखान्याकडे गेली. सालोते धावत सुटली.

धोबीखान्यामागच्या शेडमध्ये गाडी होती. मागच्या सीटवर, पट्टा बांधलेले आल्बी आजोबा. मान कलंडलेली. सालोतेने बोटं त्यांच्या गळ्यावर टेकवली.

"धडधडतंय! साहेब, धडधडतंय!"

मेरिकने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. सावलीत होती गाडी, म्हणून जीव राहिला होता.

मागून आलेली नोरीन शेडच्या दाराशी पुटपुटत होती, "उतरवायचं विसरलेच मी. दहाला आठवलं, तर हलत नव्हता. मला वाटलं, गेला. मग गाडी इथे लपवली, आणि गाडीत गळून पडलेली स्लिपर, कपाटातलं डायपर नदीवर..."

"नाडी पाहिलीत?" मेरिकने विचारलं.

"हात लावायचा धीर झाला नाही."

सालोते आजोबांच्या छातीवर पाणी ओतत रडत होती. "दोन तास जिवंत होते हो इथे! एक बोट टेकवलं असतंत, बाई!"