एका नावाचे दोन खंडू

"या खंडूला वळण म्हणून नाही! काम अर्ध्यावर टाकून चालता होतो म्हणजे काय? आमच्यात परका पाहुणासुद्धा भरल्या ताटावरून असा उठत नाही!"

सगुणाबाई कमरेवर हात देऊन खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या आणि त्यांचं बोलणं अख्ख्या विणकर गल्लीला ऐकू जात होतं. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची मोठी नळी फुटलेली. कासारपूर शहरातले बाकी सगळे नळ वाहत होते, या गल्लीतले मात्र चार दिवस कोरडे ठणठणीत. आणि दुरुस्तीला येणारा खंडू रोज तोच तमाशा करत होता.

खंडू म्हणजे महापालिकेचा रोबो. उंचीला चौथीतल्या मुलाएवढा, चाकांवर चालणारा, एका हाताला पाना आणि दुसऱ्या हाताला खोरं. पाठीवर १७ हा आकडा. महापालिकेच्या कागदावर त्याचं नाव 'जलसेवक सतरा', पण अंगाने हळदीसारखा पिवळा, म्हणून गल्लीतल्या मुलांनी त्याला खंडू केलं.

आजही तो वेळेवर आला. त्याने माती उपसली, नळीचा नवा तुकडा बसवला, सांध्याला (दोन नळ्या जिथे जोडल्या जातात त्या जागेला) पाना लावला, दोन पिळे दिले आणि थांबला. छातीवरचा हिरवा दिवा राखाडी झाला.

"क्षमस्व. मी सध्या दुसऱ्या ठिकाणी कामावर आहे."

"दुसऱ्या ठिकाणी? अरे, मग माझ्यापुढे उभा आहे तो कोण, तुझा चुलतभाऊ?"

खंडूने चाकं वळवली आणि आल्या वाटेने निघून गेला.

"नऊ चाळीस," पायरीवर बसलेली चैत्राली म्हणाली आणि तिने खडूने भिंतीवर आकडा लिहिला. ही सगुणाबाईंची नात, सहावीतली. "आजी, काल दहा पाचला उठला होता, परवा साडेनऊला. रोज वेळ वेगळी. नळी तीच, सांधा तोच. असं का?"

"का म्हणजे? अंगात आळस!" असं म्हणून सगुणाबाईंनी फोन काढला आणि महापालिकेच्या तक्रार केंद्राला तिसऱ्यांदा झापलं.

संध्याकाळी फोनवर उत्तर आलं. सगुणाबाईंची शाळा दुसरीत सुटलेली. मोठं अक्षर त्या वाचत, बारीक अक्षर नातीचं. चैत्राली वाचता वाचता अडखळली. "आपल्या तक्रारींची दखल घेण्यात आली आहे. जलसेवक सतरा याच्या नावावर अर्धवट कामांची संख्या सर्वाधिक असल्याने सदर यंत्र येत्या शनिवारी मोडीत काढण्यात येईल."

"मोडीत म्हणजे?"

"तोडणार त्याला, आजी. भंगारात."

सगुणाबाई मटकन पायरीवर बसल्या. दोन वर्षांपूर्वी याच गल्लीतली मुलं एकामागून एक उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती. ही चैत्राली आठ दिवस सलाइनवर होती. माणसांना सापडेना ते या पिवळ्या ठेंगण्याने शोधलं. गटारात उतरून, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात कुठे झिरपतंय ते दाखवलं. त्या दिवशी सगुणाबाईंनी त्याला पाटावर उभा करून ओवाळलं होतं. गल्ली हसली होती. हसेना का! नात घरी परत आली होती.

"मी रागावते ती सुधारावं म्हणून," त्या पुटपुटल्या. "मारा म्हणून कोण बोललं मेल्यांना?"

"आजी, एक सांगू? रोबोला खोटं बोलता येत नाही. तो दुसरीकडे आहे म्हणतो, तर ती दुसरी जागा कुठली ते आपण विचारलंच नाही."

"आपण कुठलं विचारतोय? आपण नुसत्या ओरडतोय," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'आपण' निघालं, 'मी' नाही. पण चैत्रालीला कळायचं ते कळलं.

गुरुवारी नऊ पंचावन्नला दिवा राखाडी झाला. चैत्राली तयारच होती. "खंडू, तू कुठे कामावर आहेस?"

"सुतार पेठ. टाकीजवळची झडप."

सुतार पेठ दहा मिनिटांच्या वाटेवर. सगुणाबाईंनी ती सहा मिनिटांत कापली. टाकीजवळ खरोखरच एक पिवळा रोबो झडप उघडत बसला होता. पाठीवर मात्र आकडा होता ४३.

"तुझं नाव काय रे?"

"जलसेवक सतरा."

"आणि कामाला कधी लागलास?" चैत्रालीने विचारलं.

"नऊ वाजून पंचावन्न मिनिटांनी."

सगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा आमचा नव्हे, आणि नाव आमच्याचं सांगतोय!"

त्याच पावली दोघी प्रभाग कार्यालयात गेल्या. पाणीपुरवठ्याच्या अभियंता वासंती ढोले. टेबलावर एवढाले कागद आणि चेहऱ्यावर दोन रात्रींची झोप बाकी. सगुणाबाईंनी सगळं एका दमात सांगितलं. ढोले मॅडम ओशाळल्या आणि खुर्ची पुढे करून म्हणाल्या, "बसा, आजी. चूक माझी आहे. नीट सांगते."

मग त्यांनी चैत्रालीकडे पडदा वळवला. "शहरातली प्रत्येक तक्रार या कामवाटप प्रणालीत येते (म्हणजे संगणकाची अशी व्यवस्था, जी तक्रार कुणाची, काम कुणाला दिलं आणि ते कुठवर आलं याची नोंद ठेवते). कुठल्या रोबोने कुठे जायचं हे हीच सांगते. पण ही प्रणाली महापालिकेच्या मालकीची नाही."

"विकत नाही घेतली?"

"नाही. ती एका कंपनीने बनवली. आपण फक्त परवाना घेतलाय (म्हणजे वापरण्याची परवानगी, अटींसकट). प्रणाली त्यांची, वापर आपला."

चैत्रालीच्या कपाळावर आठी पडली. सगुणाबाईंच्या मात्र नाही. विणकर समाजाच्या मंडळाची लग्नाकार्याची भांडी गेली तीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती: दोन हंडे, पाच पातेली, शंभर ताटं.

"त्यात काय कळायचंय?" त्या नातीला म्हणाल्या. "आपल्याकडून लोक पातेलं नेतात, त्यात स्वयंपाक करतात. म्हणून पातेलं त्यांचं होतं का? त्याला भोक पाडता येतं का, विकता येतं का? कार्यापुरतं वापरायचं आणि ठरलंय तसं वापरायचं. तेच हे."

"अगदी तेच!" ढोले मॅडमना हसू आलं. "आता अडचण ऐका. करार झाला तेव्हा शहरात चाळीस रोबो होते, म्हणून परवाना चाळीस नावांचा घेतला. प्रत्येक नावाने एकालाच प्रणालीत शिरता येतं. मग शहर वाढलं, रोबो साठ झाले. नावं तेवढीच राहिली. नवा करार करायला हवा, अशी फाईल मी वर पाठवली; ती वरच राहिली. वीस रोबो रिकामे बसवणं जिवावर आलं, म्हणून मी सांभाळून घेतलं. एकेका नावावर दोघांना बसवलं. सतराच्या नावावर त्रेचाळीसला."

"आणि त्रेचाळीस आत शिरला की सतरा बाहेर!" चैत्राली ओरडलीच. "एकच नाव दोन ठिकाणी कसं असेल, म्हणून प्रणाली पहिल्याला काढून टाकते!"

"बरोबर. आणि सुटलेलं काम सतराच्या नावावर अर्धवट म्हणून लागतं. मोडीत काढायची यादी संगणक आपोआप बनवतो. मी ती तपासायला हवी होती."

सगुणाबाईंनी आवाज खाली आणला. गल्लीत हे कुणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

"बाई," त्या म्हणाल्या, "एका नावावर दोन लग्नांना एकच पातेलं दिलंत तुम्ही. पहिल्याच्या चुलीवर भात अर्धा शिजलेला, तोवर दुसरा येऊन पातेलं उचलून नेतो. आणि बोल कुणाला? आचाऱ्याला! पण तुम्ही चूक कबूल केलीत. खुर्चीत बसून 'माझं चुकलं' म्हणणारं माणूस मी या कचेरीत पहिल्यांदा पाहिलं. त्याबद्दल भलं होवो तुमचं. आता शनिवारचं काय ते बोला."

"आज सांजेपर्यंत पुरावा दिला तर यादी थांबवता येईल. नुसत्या माझ्या शब्दावर नाही थांबणार."

चैत्रालीने दप्तर उघडलं. भिंतीवरचे आकडे तिने वहीत उतरवून आणले होते. साडेनऊ, दहा पाच, नऊ चाळीस, नऊ पंचावन्न. मॅडमनी पडद्यावर त्रेचाळीसच्या कामाच्या वेळा काढल्या. साडेनऊ, दहा पाच, नऊ चाळीस, नऊ पंचावन्न. सतरा जिथे थांबला, तिथेच त्रेचाळीस सुरू झाला होता. मिनिटाचाही फरक नाही.

सगुणाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता नवा करार," मॅडम म्हणाल्या. "साठ नावं मागितली की फाईल परत अडणार."

"साठ कशाला?" सगुणाबाईंनी विचारलं. "साठही एकदम राबतात का?"

"नाही. तिसरा हिस्सा कायम विजेवर लावलेला असतो, चार्ज व्हायला."

"मग नावाने पाट कशाला मांडता? पंगत मांडा! लग्नाला तीनशे माणसं येतात, माझी ताटं शंभर. एक उठला की त्या जागी दुसरा बसतो. पाटावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण जेवताना कुणाला उठवतही नाही कुणी."

ढोले मॅडमनी लेखणी खाली ठेवली. "आजी, कंपनीकडे अशा प्रकारचा परवाना आहे. त्याला सामायिक परवाना म्हणतात (एका वेळी कितीजण वापरतात तेवढंच मोजायचं, ते कोण, हे नाही). जागा चाळीसच, पण साठही रोबो आपापल्या खऱ्या नावाने आळीपाळीने बसतील. मी नावंच मोजत बसले होते."

त्यांनी टिपण तिथेच लिहिलं. पुरावा म्हणून चैत्रालीच्या वहीचं पान जोडलं. खाली सगुणाबाईंनी एकेक अक्षर कोरत सही केली. शेवटच्या वेलांटीला जीभ बाहेर आली, तरी सोडलं नाही.

मोडीची यादी त्याच संध्याकाळी थांबली. नवा करार व्हायला दुसरा आठवडा उजाडला. मधल्या दिवसांत मॅडमनी त्रेचाळीसला विश्रांती दिली आणि सतराला एकट्याला त्याचं नाव परत दिलं. म्हणून दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी खंडू आला तेव्हा गल्ली दारात जमली होती. सांध्याला पाना लागला. दोन पिळे झाले. चैत्रालीने श्वास धरला. तिसरा पिळा. चौथा. दिवा हिरवाच. पाचव्या पिळ्याला सांधा बसला आणि आतल्या घरांतून नळांची फुरफुर ऐकू आली, मागोमाग बायकांचा गलका.

"मोठी झाल्यावर मी अशी प्रणाली बनवीन," चैत्राली म्हणाली, "की दोघं एका नावाने आले तर ती आधी विचारेल, हे असं का झालं? मगच कुणाला मोडीत घालेल."

"बनव. मी शिकवते पंगतीचं, तू शिकव तिला."

खंडूने खोऱ्याने माती लोटली, जागा सारखी केली आणि सगुणाबाईंपुढे येऊन उभा राहिला.

"काम पूर्ण. कृपया अभिप्राय द्या. चांगले, ठीक, की वाईट?"

सगुणाबाईंनी पदराने त्याच्या डोक्यावरचा चिखल पुसला.

"तीन शब्दांत बसत नाही रे माझं. लिहून घे, मी सांगते तसं. काम चोख. शिव्या खाल्ल्या आणि उलट बोलला नाही. याने आमची पोरं वाचवली, हे गल्ली विसरलेली नाही. आणि तक्रार करणारी म्हातारी उतावळी होती. तेही लिही, मोठ्या अक्षरात, मला वाचता येईल असं."