आण्णांचा आवाज

शनिवारी कोल्हापूरच्या सहवेदन केंद्रात बसायला खुर्ची मिळणं मुश्कील असे. लग्न ठरलेली पोरंपोरी, सासूच्या गुडघेदुखीवर विश्वास नसलेली सून आणि तिच्या शेजारी तोंड फिरवून बसलेली सासू, डोकेदुखीचा पुरावा म्हणून साहेबांनाच सोबत घेऊन आलेला एखादा कारकून. ‘माझ्या जागी येऊन बघ’ हे वाक्य पूर्वी लोक नुसतं भांडणात म्हणत. आता त्यासाठी नंबर लावता येत होता.

त्या शनिवारी मैथिली खराडे भिंतीकडेच्या खुर्चीत, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून बसली होती. तरीही वडील आलेले तिला दारापासूनच कळले.

“मैथे! कुठं बसलीयास गं?”

अख्खी खोली वळून बघू लागली. हिंदुराव खराडे चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानात माइकवर बोलले होते. विटा, तासगाव, पलूसकडच्या कुठल्याही जत्रेत मैदान भरलं की पैलवानांच्या आधी लोक विचारायचे, “आण्णा आलेत का?” डाव पडायच्या आधीच तो त्यांच्या आवाजात ऐकू यायचा. माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. मैथिलीची आई ती शाळेत असताना गेली. त्यानंतर आण्णांनी एकट्यानं तिला वाढवलं, ते त्याच आवाजात. सकाळी उठवायचं त्या आवाजात, डोकं विंचरायचं त्या आवाजात, आणि पोरगी कोपऱ्यात कान झाकून बसली की “काय झालं माझ्या वाघिणीला?” हेही त्याच आवाजात.

मैथिली आता छत्तिशीची होती. विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात काम करायची. वाळवलेली पानंफुलं कागदावर चिकटवायची, त्यांची नावं लिहायची. ते काम शांत होतं आणि तिला आवडायचं. आपण स्वमग्न आहोत हे तिला तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांकडून कळलं. तो शब्द मात्र तिला पटला नव्हता. स्वतःत मग्न व्हायला तिला उसंत कुठे होती? ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारणीच्या साडीची खसखस, तीन टेबलांपलीकडे सोललेल्या संत्र्याचा वास, सगळं जग एकदमच अंगावर येई. त्यातून वाट काढत समोरच्याच्या बोलण्यापर्यंत पोचेतो समोरच्याचं बोलून झालेलं असे. मग लोक म्हणत, हिला शिष्टपणा फार.

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात ती ऐन मंगलाष्टकांत मांडवातून उठून बाहेर गेली. बँड, फटाके, अत्तर, आणि अंगाला घासणारी जरीची साडी. ती गाड्यांच्या रांगेत जाऊन उकिडवी बसली. चुलतीनं नाक मुरडलं. आण्णा तिला शोधत आले आणि शेजारी मातीतच बसले.

“तुला हुतंय तरी काय गं एवढं?”

“सांगता येत नाही, आण्णा.”

“मग दाव की,” आण्णा म्हणाले. “त्ये मशीन निघालंय न्हवं?”

त्यासाठी आज दोघं आले होते.

डॉक्टर शहनाज मुजावर यांनी आण्णांना समजेल असं सांगितलं. “प्रत्येकाच्या मेंदूत एक चाळण असते. पंख्याची घरघर, अंगातल्या बंडीचा स्पर्श, रस्त्यावरचे हॉर्न हे सगळं ती अडवते आणि कामाचं तेवढंच आत सोडते. मैथिलीताईंच्या चाळणीची भोकं मोठी आहेत. त्या घरी तासभर ही टोपी घालून बसतील. टोपी दोनच गोष्टी टिपते, बाहेरून काय किती जोरात आलं आणि शरीर त्याला किती घाबरलं. पुढच्या शनिवारी तेच आम्ही चुंबकाच्या हलक्या ठोक्यांनी तुमच्या मेंदूत उभं करू. तासभर तुम्ही त्यांच्या कानांनी ऐकाल.”

“आन् तिचे इचार? त्ये बी कळणार?”

“नाही. विचार, आठवणी, माया हे ज्याच्या त्याच्या मेंदूत वेगळं विणलेलं असतं. ते उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.”

“मायेचं काय, ती मला ठावंच हाय,” आण्णा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मैथिलीचे खांदे नेहमीसारखे वर गेले.

कुठला तास टिपायचा हे तिनंच ठरवलं. ऑफिसातला नको, बाजारातला नको. दर रविवारी आण्णा गावाहून एसटीनं तिच्याकडे येत, तोच तास. आठवडाभर ती त्याची वाट बघायची. आपला सगळ्यात चांगला तास त्यांना द्यावा असं तिला वाटलं. टोपी घालून तिनं दार उघडलं. आण्णा आले, पिशवी आपटून बोलले, जेवताना गावातल्या भावकीच्या भांडणाचं साग्रसंगीत वर्णन केलं, ताटावर चमचा वाजवला, आणि जाताना तिच्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या शनिवारी आण्णा आतल्या खोलीत गेले. बाहेर मैथिली बसून राहिली. तास संपला, दार उघडलं, आण्णा बाहेर आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“कसं वाटलं?” तिनं विचारलं.

ते खुर्चीत बसले. बोलले ते इतकं हळू, की तिला आधी कळलंच नाही कोण बोलतंय.

“किती वर्सं गं?”

“काय किती वर्षं?”

“माझं बोलणं. ह्ये असं… अंगावर उकळतं पाणी वतल्यागत.”

मैथिलीला विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायची सवय होती. “लहानपणापासून,” ती म्हणाली.

“आन् तू कवा बोलली न्हाईस.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

आण्णांनी मान हलवली. घरी परतताना रिक्षात ते तिच्यापासून जमेल तेवढं लांब, कडेला चेपून बसले.

त्यानंतरच्या रविवारी ते आले तेव्हा बेल वाजली नाही. त्यांनी दारावर बोटाचं टोक टेकवलं होतं. पायांत कापडी बूट. पिशवी जमिनीवर ठेवली ती झोपलेलं मूल ठेवावं तशी. तंबाखू मळली नाही, कारण तिचा वास. जेवताना घास चावतानाही ते थांबून थांबून चावत होते. जाताना हात तिच्या पाठीपर्यंत आला आणि हवेतच राहिला.

“आण्णा, तुम्ही पहिल्यासारखं बोला,” ती म्हणाली. “मला चालतं.”

“तुझा सोभाव चांगला हाय गं,” ते कुजबुजले. “म्हातारं दुखावंल म्हनून बोलतीयास.”

समोरच्याचं मन राखायला खोटं बोलणं मैथिलीला कधी जमलंच नव्हतं. सगळे नातेवाईक तिच्यावर रागावलेले होते ते त्यामुळेच. ‘माझ्या पोरीच्या तोंडाला कुलूप न्हाई, आत हाय त्येच भाईर,’ असं अभिमानानं सगळ्यांना सांगणारे एकटे आण्णाच होते.

पुढे ते एक रविवार सोडून येऊ लागले, मग महिन्यातून एकदा, आणि नंतर फक्त निरोप टाइप करून पाठवू लागले. ‘जेवलीस का. विश्रांती घे.’ गावच्या जत्रेच्या दिवशी चुलतभाऊ संग्रामचा फोन आला. “आण्णांनी माइकला हातच लावला न्हाई. पाटील घरी बोलवायला गेलं तर म्हनाले, मानसांच्या गर्दीत आपल्या मैथीसारखं एखादं लेकरू असंल. त्येला कशाला भाजायचं?”

मैथिली दुसऱ्या दिवशी रजा टाकून डॉक्टर मुजावरांकडे गेली.

“तुमचं मशीन चुकलं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मशीन बरोबर चाललंय. तेच अवघड आहे. असं म्हणा, एका माणसाच्या जिभेवरचा तिखटाचा चटका आम्ही दुसऱ्याच्या जिभेवर उतरवू शकतो. पण त्या पहिल्या माणसाला तिखट आवडतं, लहानपणापासून आईच्या हातचं खाल्लंय, ते उतरवता येत नाही. दुसऱ्याला फक्त जाळ कळतो.”

“मी तो तास मुद्दाम दिला होता. मी खूश होते त्या तासात.”

“ते टोपीला दिसत नाही. शरीर घाबरलं होतं, ते दिसतं.”

“असं आणखी कुणाचं झालंय?”

“खूप जणांचं. नंतरच्या पाहणीत आमचा निकाल चांगला येतो. घरातली भांडणं कमी झाली, आरडाओरडा थांबला, स्वमग्न माणसांना शांतता मिळाली. किती जण भेटायला यायचे थांबले, हे पाहणीत विचारलेलं नसतं.”

“मग ते पुसून टाका.”

“पुसता येत नाही, मैथिलीताई. तुम्हीच सांगा त्यांना.”

“सांगितलं. माझ्यापेक्षा त्यांचा तुमच्या मशीनवर जास्त विश्वास आहे.”



त्या रविवारी मैथिली स्वतःच एसटीनं गावी गेली. आण्णा अंगणात जोंधळा निवडत बसले होते. तिला बघून चटकन उठले, शेजारच्या पोरांना हातानंच खूण करून गप्प केलं, तिच्यासाठी सावलीत घोंगडं अंथरलं.

“आण्णा, एक कुस्ती सांगा,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवून नकार दिला.

“मी तीन तास बसमध्ये बसून आलेय. एकच सांगा. मोठ्यानं.”

मग त्यांनी घसा साफ केला, लांब, अंगणाच्या पार टोकाला गेले आणि डोळे मिटले. “आऽऽता मैदानात उतरतोय तासगावचा ढाण्या वाघ! बघा मंडळी, हात मिळवला, माती लावली, आन् घेतला पट! घेतला पट! घेतलाऽऽ—”

मैथिलीनं ठरवलं होतं की हलायचं नाही. मुठी आवळून, पाय घट्ट रोवून ती उभी राहिली होती. तिला मनापासून आनंद झाला होता. इतक्या महिन्यांनी आण्णा आण्णांसारखे दिसत होते. पण शरीर तिचं ऐकेना. खांदे कानांपर्यंत गेले, डोळे गच्च मिटले, आणि तिला कळायच्या आत दोन्ही हात कानांवर जाऊन बसले.

आवाज तुटला. तिनं डोळे उघडले तेव्हा आण्णा तिच्याकडेच बघत होते.

“थांबू नका,” ती म्हणाली. “आण्णा, हे दुखतं, आणि मला हे हवंय. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकदम.”

आण्णा जवळ आले, पण हाताच्या अंतरावर थांबले.

“दुखतंय त्ये मला ठावं हाय,” ते हळूच म्हणाले. “दुसरं तू म्हनतीस त्ये न्हाई गं कुठं दिसलं. सगळीकडं बघितलं म्या. आत जाऊन आलोय.”

दाखवण्यासारखं मैथिलीकडे शब्दांखेरीज काहीच नव्हतं, आणि शब्द तिनं सगळे वापरले होते.

आण्णांनी तिला पिठलं-भाकरी वाढली. झाकणी उचलताना ती वाजू नये म्हणून खाली फडकं धरलं. उन्हं कलल्यावर ते तिला फाट्यापर्यंत सोडायला आले, दोन पावलं मागून, कापडी बुटांत. एसटी आली. मैथिली खिडकीशी बसली आणि बाहेर वाकली. आण्णांनी नुसता हात वर केला. गाडी वळेपर्यंत तो हात तसाच वर होता. फाट्यावर कुणीच बोलत नव्हतं, कसलाच त्रास नव्हता, आणि पुढचा सगळा रस्ता मैथिली हेडफोन मांडीवर ठेवून, मागून हाक येते का म्हणून कान उघडे ठेवून बसली होती.