जगदेवीचा उजवा हात

त्या दुष्काळी उन्हाळ्यात नांदेडच्या दवाखान्यात हात धुवायलाही टँकरची वाट बघावी लागे. स्वाइन फ्लूच्या वॉर्डातली जगदेवी सिस्टर त्यावरून सगळ्यांवर करवादायची, पण कामाला पक्की.

उमरीची नीलम्मा आली तेव्हा नववा लागला होता. अंगात सणसणून ताप, ओठ निळे.

"पोटुशी बाई दमतीच की, म्हनून घरी ठिवली," सासू उमाबाई रडत म्हणाली.

डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या, सिझेरियन केलं. मुलगा ठणठणीत होता. नीलम्मा मात्र श्वासाच्या मशीनवर गेली. संसर्गाच्या भीतीनं बाळ वेगळं ठेवलेलं. उमाबाई त्याला घेऊन काचेपलीकडे बसायची.

एका दुपारी वीज गेली. जनरेटर धडपडून गप्प झाला, मशीनची बॅटरीही बसली. जगदेवीनं नळीला रबरी फुगा जोडला आणि हातानं दाबू लागली. दाबला की नीलम्माची छाती वर, सोडला की खाली. घामानं गाऊन भिजला. हात थांबला तर लेकरू पोरकं होईल, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिनं काचेकडे पाहिलं. उमाबाईच्या मांडीवर बाळाची उघडी छाती हलत होती. फुगा दाबला, वर. सोडला, खाली. तान्ह्या बाळाचा श्वास इतका संथ नसतो.

घामेजल्या हातातून फुगा निसटला. क्षणभरच.

बाळही थांबलं.

मग वीज आली. भास झाला असेल, असं जगदेवीनं स्वतःला बजावलं. पण त्या दिवसापासून तिची उजवी मूठ आपोआप मिटायची, उघडायची. झोपेतसुद्धा.

"अजून फुगा दाबून राहिल्या का, बाई?" वॉर्डबॉय ताहेर चिडवायचा.

नीलम्मा सावरली. घरी जायच्या दिवशी बाळ तिच्या कुशीत होतं. चारचौघांत शोभा नको म्हणून जगदेवीनं हात खिशात कोंबला, बोटं घट्ट आवळून धरली.

"सिस्टर," नीलम्मा एकदम ओरडली, "ह्यो श्वास घेऊन न्हाई राहिला!"

जगदेवीनं हात बाहेर काढला. मूठ उघडली, मिटली.

छाती वर आली.

"गुन हाय बाईच्या हाताला," उमाबाईनं हात जोडले.

जीप उमरीकडे निघून गेली. जगदेवी फाटकाशी उभी होती. मूठ मिटत होती, उघडत होती.

आतून डॉक्टरांची हाक आली.

"सिस्टर, दुसरी बाळंतीण आलीय! लवकर या, दोन्ही हात लागतील."