गच्चीवरचा शेपू

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट गचकन थांबली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत मातीनं भरलेला टब होता. टबात केसांसारखी बारीक, पिवळट पडलेली रोपं. तिनं कोपरानंच धोक्याची घंटा दाबली.

वरून आवाज आला, "घाबरू नका, मी लिफ्टचा मेकॅनिक. आत किती जण आहात?"

"मी... आणि शेपू."

"अरे बापरे! लहान आहे का? रडत नाही ना?"

"अहो, शेपू! भाजीचा शेपू!"

 वरून दाबता दाबता निसटलेलं हसू. "मग लिफ्टची काही चूक नाही. वासानंच चक्कर आली असेल तिला."

खरं तर तिला राग यायला हवा होता. आला नाही.

हळूहळू लिफ्ट वर सरकली, दार उघडलं. मजला अजून हातभर वरच होता. त्यानं वाकून हात पुढे केले.

"आधी शेपूला घ्या," ती म्हणाली.

"बरोबर. आधी लहान मुलं." त्यानं टब अलगद उचलून बाजूला ठेवला. मग हात पँटला पुसला, तरी ग्रीस राहिलंच, आणि तिला वर घेतलं. तिच्या मनगटावर एक काळा डाग उमटला. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. त्या दिवशी गिऱ्हाइकं अक्षरं वाचत राहिली आणि तिची नजर मनगटावर. दुकानात साबण होता हं!

पण ते नंतर. तेव्हा तो टब घेऊन तिच्यामागून गच्चीवर आला.

"एवढा आवडतो शेपू?"

"छे! मला नाही आवडत, आईला तर मुळीच नाही. कुणाच्या घरी शिजला तरी इकडे खिडक्या लावून घ्यायची ती. पण मोठ्या तापानंतर तिला वासच येईनासा झाला. दूध करपलं तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे उग्र वास रोज द्या." तिनं एक पिवळट काडी सरळ केली. "बाजारातली जुडी लगेच मरगळते. म्हणून घरी पेरला, तर आमच्या गॅलरीत ऊनच नाही. एकदा... एकदाच तिनं नाक मुरडलं ना, की मी जिंकले!"

तो हसला नाही. लिफ्टच्या यंत्राच्या खोलीची भिंत त्यानं हातानं चाचपली. "इथं ठेवा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंत तापलेली असते."

लिफ्टची तपासणी खरं तर महिन्यातून एकदाच असायची. पण तो दर आठवड्याला उगवू लागला. सोसायटीचे सेक्रेटरीकाका खूश. "पोराला कामाची काय तळमळ आहे!"

शेपूही तरारला. ती सकाळी बुंध्याशी पाणी घालायची आणि तो कठड्याला टेकून बघत राहायचा. एकदा ती भराभर रोपं उपटायला लागली.

"अहो, चांगली रोपं आहेत ती!"

"दाटी झाली की कुणालाच ऊन मिळत नाही. विरळ करावीच लागतात."

"फार कठोर आहात."

"सगळ्यांशी नाही..." ती बोलून गेली आणि मग दोघंही उगाचच मुळांची माती झटकत बसली.

रोज संध्याकाळी ती एक काडी चुरडून आईच्या नाकाशी धरायची. आई बिचारी खोल श्वास घ्यायची. "गवत असेल काहीतरी," म्हणायची आणि तोंड फिरवायची.

शेपू कमरेएवढा झाला. शेंड्यांवर पिवळ्या फुलांच्या इवल्या छत्र्या उघडल्या, मधमाश्या आल्या. ती त्याला कधी एकदा दाखवते असं झालं होतं. तो आला. पण आज हातात हत्यारांची पेटी नव्हती.

"माझा भाग बदलला," तो म्हणाला. "उद्यापासून नदीपलीकडच्या इमारती. इथं दुसरा कुणीतरी येईल."

"हो का? ...छान." तोंड म्हणालं. हातातली झारी मात्र टब भरून वाहायला लागला तरी सरळ होईना.

तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की उंच, पोकळ देठ आडवे झाले, टब कलंडला. दोघंही एकदम धावली, डोक्याला डोकं आपटलं, आणि सावरता सावरता दोघांच्याही गुडघ्यांखाली अर्धा शेपू चिरडला.

"गेला!" ती मोडलेले देठ गोळा करायला लागली. "सगळा गेला हो..."

"अगं, चहा गार होतोय, किती हाका मा—" गच्चीच्या दारात आई थबकली. तिच्या कपाळावर आठी पडली. नाक वर गेलं. मग पदर नाकावर. "शी! शेपू! कुणी तुडवलाय तो मेला शेपू?"

"आई!" ती किंचाळलीच. "पुन्हा म्हण!"

"काय पुन्हा म्हणू? मळमळतंय मला!" आणि मग आईलाच उमगलं. पदर हळूच खाली आला. तिनं पुन्हा एक श्वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे भरून हसायला लागली.

लेक नाचली, टाळ्या पिटल्या, गर्रकन वळली आणि समोर जो होता त्याला तिनं घट्ट मिठी मारली. मिठी मारून झाल्यावर तिला कळलं, कुणाला!

"हे... हे लिफ्टवाले," ती चाचरली.

"लिफ्टवाले?" आईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "लिफ्ट तर ठणठणीत आहे. आत्ता तिनंच वर आले मी."

त्याचे कान लाल झाले. "ती... केव्हाची ठणठणीतच आहे, काकू. मी हिच्यासाठी येत होतो."

वारा पडला होता. 

"आणि उद्यापासून?" आईनं विचारलं.

"उद्यापासून इथं माझं काही काम नाही."

"काम नसेना!" ती पुढे झाली. केसांत पिवळी फुलं, गुडघ्यांना चिखल. "तू ये. काम नसताना ये... येशील ना?"

'तू' कधी निसटलं ते तिला कळलंसुद्धा नाही. त्याला मात्र बरोबर कळलं.

"येणार," तो म्हणाला. "तू नको म्हणालीस तरी येणार."