टिल फर्दर ऑर्डर्स

"हे साक्षीनं लिहिलेलं नाही," अश्लेषा म्हणाली आणि तिने फोन उमाताईंसमोर ठेवला.

साताऱ्यात उमाताई खासगी तपासाचं काम करत. त्यांचा मदतनीस पुष्कर फोनवर वाकला.

"नाव, फोटो, सगळं तिचंच आहे की."

अश्लेषा शिरवळच्या कारखान्यात नोकरीला होती. साक्षी तिची सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजातली मैत्रीण, राहायला कुंडलला. हल्ली ती फोन उचलत नव्हती, नुसते निरोप पाठवायची. भाऊ सांगायचा, ताई पुण्याला आहे.

उमाताईंनी जुने निरोप वाचले. 'सॉरी यार, कॅन वी डू सॅटर्डे इन्स्टेड?' 'आज रेन चेक! नेक्स्ट संडे पक्का.'

मग अलीकडचे. 'प्रोग्राम पोस्टपोन्ड टिल फर्दर ऑर्डर्स.'

"इंग्रजी सुधारलं असेल," पुष्कर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं कुंडलला गेली.

साक्षीचे वडील नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अश्लेषाला पाहून ते दारातच थबकले.

"साक्षी कधी येणार?" उमाताईंनी विचारलं.

"प्रोग्राम ठरला न्हाई अजून."

"पुण्यात कुठं असते?"

"हिंजवडीला," मुलगा शिवतेज म्हणाला. "लय काम असतं तिला." तो चहा घेऊन आला होता.

"येलदोडा घातलाय," नाथाजी अश्लेषाला म्हणाले. "साक्षीला लय आवडायचा."

"आवडतो," शिवतेज घाईने म्हणाला.

उमाताईंनी कप खाली ठेवला.

"काका, निरोप तुम्ही लिहिता ना?"

शिवतेजने वडिलांकडे पाहिलं.

"साक्षी भेट पुढं ढकलली की दुसरा दिवस द्यायची. नव्या निरोपांत एकही दिवस नाही. 'प्रोग्राम', 'ऑर्डर्स' ही भाषा फौजेतली. मघाशी तुम्हीही प्रोग्रामच म्हणालात. आणि पुण्याला गेलेल्या मुलीबद्दल कुणी 'आवडायचा' म्हणत नाही. शिवतेजलाही ते खटकलं."

उमाताईंचा अंदाज चुकावा, असं पुष्करला पहिल्यांदाच वाटलं.

"ताप डोक्यात गेला," शिवतेज खाली बघत म्हणाला. "दवाखान्यात चारच दिवस काढले तिनं."

नाथाजींनी खिशातून साक्षीचा फोन काढला.

"सगळ्या गावाला ठावं हाय. फकस्त तुला ठावं नव्हतं, पोरी. तू 'कवा भेटायचं' म्हणून इचारायचीस. तेवढं वाचलं की वाटायचं, हाय अजून. ती न्हाई म्हणून लिव्हायला बोटच उठंना माझं."

अश्लेषा उठली. ती निघून जाईल असं पुष्करला वाटलं. पण ती नाथाजींच्या शेजारी जाऊन बसली.

"मला सगळं सांगा, काका. ताप आला तेव्हापासून."

"आबा कुणापुढंच बोलल्याले न्हाईत," शिवतेज हळूच म्हणाला.

नाथाजींनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "मंगळवार हुता. सकाळी म्हणाली, आबा, डोकं दुखतंय..."

उमाताईंनी पुष्करला खुणावलं. दोघं बाहेर जाऊन उभी राहिली.