जाळीतून जाईल तेवढंच

कुलूप जागेवर होतं. किल्ली जागेवर होती. सून तेवढी नव्हती.

१९९४ सालचा नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचा दीड. डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीतून फोन आला आणि साहेबांनी चहाचा कप हातात तसाच ठेवून फौजदार सरस्वती तांडेलला हाक मारली.

"टिपणीसांचं घर. माझ्या ओळखीतले आहेत. सून सोनं घेऊन पळालीय. कल्याणला, ठाण्याला वर्णन कळवलंय. पाचच्या आत बाई इथे उभी पाहिजे. मग बघू, कोठडी का सासर."

कोठडी का सासर. तीन मजले चढताना सरस्वतीच्या डोक्यात तेवढंच वाजत होतं. साहेबांना तिसरं काही सुचलंच नव्हतं.

पंचनामा, पान एक

मुख्य दारास बाहेरून लोखंडी जाळीचा दरवाजा. जाळीचे चौकोन मुठीएवढे. त्यास जुने लोखंडी कुलूप, शाबूत. किल्लीच्या भोकाभोवती बारीक ओरखडे, जुने. समोरच्या भिंतीवर उंचावर लाकडी मीटरबोर्ड, जाळीपासून अंदाजे पाच फूट. घरातील मंडळी बाहेर जाताना किल्ली या बोर्डाच्या खिळ्यास अडकवतात. किल्ली तेथेच मिळाली. सर्व खिडक्यांना गज.

पंचनाम्यात न लिहिलेलं

सरस्वती आत आली, तशी सासूबाईंनी जाळीतून हात घालून बाहेरचं कुलूप पुन्हा लावलं. खट्. किल्ली कमरेला खोचली. हवालदार नाथा बाहेर जिन्यातच राहिला.

"मॅडम, मी?"

"थांब तिथेच."

"सवय हो," रमाबाई टिपणीस गोड हसल्या. साठीच्या, गोऱ्या, आवाज लोण्यासारखा. "दिवस वाईट आहेत. सरबत घेणार ना? उन्हातून आलात."

घर स्वच्छ होतं. पंखा फिरत होता. तरी सरस्वतीला वाटलं, इथली हवा कालचीच आहे.

सोफ्यावर बसताना तिच्या खाकी साडीच्या खांद्यावरची पिन कडकन तुटली. पदर घसरला.

"एक सेफ्टीपिन द्या हो."

रमाबाईंनी आपलाच पदर सारखा केला. "पिना आम्ही ठेवत नाही. रेशमाला भोकं पडतात. थांबा."

त्यांनी सुनेच्या आरशापुढचं मखमली खोकं आणलं. आठ खाचा, सात ब्रोच. पुढे मोत्यांचं फूल, मागे नाण्याएवढं चुंबक, मध्ये पदर. बस्, टोचायचं काम नाही.

"गेल्या वर्षी टेंभी नाक्यावरून आणले मी. नवरात्रात स्टॉल लागतात ना," मुलगा हरिहर म्हणाला. पस्तिशीचा, चष्मा, ऑफिसातून धावत आलेला. "आईच म्हणाली, पिनांपेक्षा हे बरं."

सरस्वतीने खाकीवर मोत्यांचं फूल लावलं. जिन्यातून नाथाने तोंड फिरवून हसू दाबलं.

तिला मात्र हसू आलं नाही. तिच्या आईच्या बांगडीला चार पिना लोंबायच्या, मावशीच्या मंगळसूत्राला दोन. बाईमाणसाच्या घरात पिन नाही म्हणजे मिठाचा डबा नाही म्हणण्यासारखं. आणि भोकं पडतात म्हणून? रमाबाईंच्या अंगावर तर सुती पातळ होतं.

जबाब: रमाबाई

"सून घरातून कधी गेली?"

"साडेनऊला. शिवणाच्या क्लासला म्हणून."

"तुम्ही?"

"मी दहाला, भजनाला. हरी नऊलाच जातो. घर रिकामं. मी कुलूप लावलं, किल्ली बोर्डावर. साडेबाराला येऊन बघते तर कपाट उघडं."

"म्हणजे ती मागाहून परत आली, बोर्डावरची किल्ली घेतली, चोरी केली, कुलूप लावून गेली."

"हो ना. मुलीसारखं केलं हो शुभदाचं. आई वारली तिची, माहेर असं उरलंच नाही. आणि जाताना बघा काय केलंन."

चपलांच्या कपाटावर हिरव्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

"चुडा उतरवून गेली! नवरा जिवंत असताना!"

"किती घालायच्या त्या?"

"डझनभर. सहा-सहा."

सरस्वतीने मोजल्या. सहा.

दाराच्या कोपऱ्यात जळमटं काढायची लांब काठी उभी होती. टोकाला कुंचा नव्हता. काळ्या दोऱ्याचा फास मात्र होता.

जबाब: हरिहर

"गेलं काय काय?"

"पाटल्यांची जोडी आणि मोहनमाळ. शुभदाच्या आईचं सोनं. माळ ओळखू येईल, मॅडम. माळेतला एक मणी हरवला होता, तिथे शुभदाच्या आईने पोवळं ओवलेलं."

"कपाटाची किल्ली?"

"आईकडे. आज भजनाला जाताना उशीखाली राहिली म्हणे." तो घुटमळला. "एक पाटली मिळालीय. इथे दाराशी पडली होती. घाईत पडली असणार."

"हरी, ती कशाला दाखवतोस? एकच तर आहे," रमाबाई चटकन म्हणाल्या.

त्याने पाटली टेबलावर ठेवली. सरस्वती बघायला वाकली.

टक्.

पाटली उडून तिच्या खांद्यावरच्या फुलाला चिकटली आणि बिल्ल्यासारखी लोंबू लागली. हरिहरला हसू आलं. रमाबाईही हसल्या, पण हात आधी पुढे आला. "द्या इकडे, मी ठेवते."

"राहू दे. मुद्देमाल आहे."

सरस्वतीने वर पाहिलं. शोकेसमध्ये लग्नाचा रंगीत फोटो होता. नवरी दागिन्यांनी लवलेली.

"ही कोण?"

"माझी शीला. मे महिन्यात झालं लग्न. ठाण्यात दिलीय, चांगलं घर मिळालं."

नवरीच्या छातीवर एक लाल ठिपका होता. कुंकू सांडलं असावं. सरस्वतीने फोटो जवळ घेतला, पुसून पाहिला. ठिपका काचेच्या आत होता.

जबाब: मनुबाई (जाळीबाहेरून)

"हिला धरा!" हरिहर ओरडला. नाथाने जिन्यातून एका कोळणीला वर आणलं होतं. कळव्याची मनुबाई, डोक्यावर टोपली, उंची जेमतेम साडेचार फूट. "रोज दाराशी बसून शुभदाशी कुजबुजायची. किल्ली हिनेच काढून दिली!"

"तुझा हात पोचतो रं तिकरं, घोड्या. माझा कसा पोचल?" मनुबाई म्हणाली.

सरस्वती जाळीजवळ गेली. जाळीच्या आत ती, बाहेर मनुबाई. दोघींच्या मधला लोखंडाचा वास माशांच्या वासावरही चढत होता.

"मावशी, मी चेंदणी कोळीवाड्याची. तांडेल. खरं सांग. या घरात म्हावरा कवापासून देतेस?"

"दोन वर्सं."

"काय घेतात?"

"बोंबील. मांदेली. करंदी."

"पापलेट? रावस?"

मनुबाईने टोपली खाली ठेवली. आधी रमाबाईंकडे पाहिलं, मग कुलपाकडे.

"बाय, या घरान मोठा म्हावरा कसा जाईल? जालीतून जाईल तेवराच जातं."

सरस्वतीने जाळीच्या चौकोनावर मूठ टेकवून पाहिली.

"हो का?" रमाबाई म्हणाल्या. "आम्हाला बोंबीलच आवडतात."

चार वाजायला वीस मिनिटं होती.

पाच फूट

"नाथा," सरस्वती म्हणाली, "कुलूप नीट बसलंय का बघ."

"बसलंय, मॅडम."

"रमाबाई, कमरेची किल्ली द्या. नाथा, ती बोर्डावर नेहमीच्या खिळ्याला अडकव."

"अहो, पण मग आपण सगळेच आत..." हरिहरचा आवाज फाटला.

"हं. सगळेच. कसं वाटतंय?"

तिने जळमटांची काठी उचलली. खांद्यावरचं फूल काढलं, पदर कमरेला खोचला, फूल काठीच्या फासात घट्ट अडकवलं. मग उजव्या हातातलं कडं उतरवून चपलांच्या कपाटावर ठेवलं, हिरव्या बांगड्यांच्या शेजारी.

"बांगड्यांसकट हात या चौकोनातून कोपरापर्यंत जात नाही. म्हणून एकाच हातातल्या उतरवल्या. सहा. चुडा उतरवायचा असता तर बारा उतरल्या असत्या."

हात बाहेर गेला. काठी हलत, थरथरत बोर्डाकडे सरकली. पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदा भिंतीवर आपटली. तिसऱ्या खेपेला मोत्याचं फूल किल्लीजवळ गेलं आणि किल्लीच खिळा सोडून त्याच्याकडे आली.

टक्.

"गळच हाय की गो," मनुबाई पुटपुटली.

सरस्वतीने काठी आत ओढली. घामाने तिचा खांदा भिजला होता. एवढ्यासाठी शुभदाला किती वेळ लागला असेल? आणि जिन्यात पाऊल वाजलं की किती वेळा काठी आत घ्यावी लागली असेल?

तिने जाळीतून हात घालून कुलूप उघडलं आणि दार सताड उघडं टाकलं. मगच बोलायला लागली.

"ती परत आली नाही. ती गेलीच नव्हती. बाहेरून यायचं असतं तर किल्ली दुसऱ्या कोणी कशाला काढून द्यायला हवी, टिपणीस? तुम्ही दोघं रोज तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावत होता. एकदा तिने पिनेने कुलूप उघडायचा प्रयत्न केला. ओरखडे आहेत अजून. तेव्हापासून घरातल्या सगळ्या पिना गेल्या आणि हे बिनटोकाचे ब्रोच आले. तिला टोचता येईल, उचकटता येईल असं काही हातात राहायला नको. चुंबकाला टोक नसतं एवढंच तुम्ही पाहिलंत. बाहेर पडल्यावर तिने कुलूप लावून किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि आठवं फूल बरोबर नेलं."

"तिच्या भल्यासाठीच," हरिहर खाली बघत म्हणाला. "ती दोनदा निघून गेली होती. आई म्हणाली, लोक काय म्हणतील."

"आणि सोनं? ते तरी गेलंच ना?" रमाबाई अजून गोड होत्या.

"गेलं. मे महिन्यात." सरस्वतीने पाटली हरिहरच्या हातात दिली आणि काठीवरचं फूल सोडवून दुसऱ्या. "जवळ न्या."

टक्.

"तुमच्या लग्नाची अंगठी काढा. ती न्या."

अंगठी ढिम्म हलली नाही. त्याने पुन्हा लावून पाहिली. पुन्हा. मग पाटली. टक्.

"सोन्याला चुंबक धरत नाही, टिपणीस. पाटली लोखंडाची आहे, वर मुलामा. शुभदाला हे कळलं तसंच मला कळलं. कधीतरी सणाला पाटल्या घातल्या असतील, पदर सारखा करताना हात खांद्याशी गेला असेल आणि आईची पाटली टक् करून चिकटली असेल. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ती या घरातून मनाने गेली. आज जाताना एक पाटली पुराव्याला नेली आणि दुसरी दाराशी ठेवली. तुमच्यासाठी. तुम्हाला वाटलं, पडली."

"पण मग... खऱ्या कुठे आहेत?"

सरस्वतीने शोकेसमधला फोटो त्याच्यापुढे धरला. बोट लाल ठिपक्यावर ठेवलं.

हरिहरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ठिपका हलला नाही. मोहनमाळेत, सोन्याच्या मण्यांमध्ये, एक पोवळं.

"आई?"

"कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला असते?" सरस्वती म्हणाली. "सून पळाली तसा यांचा अर्धा ताण उतरला. सोनं कुठे गेलं, हा प्रश्न आता कधीच कोणी विचारणार नव्हतं. पाटली तेवढी तुम्ही मला दाखवलीत."

रमाबाईंच्या आवाजातलं लोणी पहिल्यांदा संपलं.

"मग काय बोडक्या गळ्याने पाठवायची माझ्या शीलाला? हिचं कोण होतं मागे विचारायला? सुनेचं ते घरचंच ना!"

"घरचं ना? मग सुनेवर चोरी कशी घातलीत?"

रमाबाईंनी किल्लीसाठी रिकामी कंबर चाचपली.

"खोटी फिर्याद एक. तिचं सोनं लांबवलंत ते दोन. कोंडून ठेवलंत ते तीन, आणि त्या तिसऱ्यात टिपणीस, तुम्हीही आहात. चला दोघं ठाण्यावर. नाथा, पुढे हो, खालच्या दुकानातून फोन लाव. कल्याणला सांग, ठाण्याला सांग, वर्णन रद्द. ती बाई आरोपी नाही, फिर्यादी आहे. आणि साहेबांना सांग, कोठडी का सासर ते ठरलं. पण तिच्यासाठी नाही."

हरिहर उंबऱ्याशी अडखळला. दार उघडं होतं, तरी तो आईने आधी बाहेर पडावं म्हणून थांबला होता.

खाली

मनुबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टोपली घेऊन बसली होती.

"मावशी, ती आत कोंडलेली आहे हे तुला दोन वर्षं ठाऊक. दुसऱ्या कोणाला सांगून किल्ली काढली नाहीस?"

"बोल्ले की मी! म्हटलं, बोलावते नातवाला, काढील उडी मारून. ती बोल्ली, नको मावशी. माझ्यावर नाय, तुमच्यावर चोरी लावतील. माझी मी काढते." मनुबाईने डोळ्याला पदर लावला. "आज सकाली जिन्यान बसून होते मी. कोन आला तर खोकायचं, येवराच माझा काम."

"आता कुठे आहे?"

"कोन?"

"मावशी."

मनुबाईने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. टोपली रिकामी होती.

"मना काय ठाव नाय. पन आज घरी जाऊन मोठा पापलेट करायचाय. आख्खा, तुकरं न करता. पाव्हनी हाय."

सरस्वतीने कोपऱ्यावरच्या दुकानातून सेफ्टीपिनांचा एक अख्खा झुबका घेतला. त्यातली एक काढून आपल्या खांद्याला लावली. बाकीचा मनुबाईच्या रिकाम्या टोपलीत टाकला.

"पाव्हणीला दे. सांग, जबाब घ्यायला मीच येईन. जेवण झाल्यावर."