तासभर आधी

डॉडच्या खिंडीत टेसाची 'पफिन' ही शिडाची होडी पुढे सरकायचं नाव घेईना. इंजिन जीव तोडून धडधडत होतं आणि किनाऱ्यावरचं एकच वाकडं झाड गेली दहा मिनिटं तिच्या शेजारी उभं होतं. समोरून पाणी नुसतं उसळत येत होतं. भरती-ओहोटीच्या मध्ये इथलं पाणी दहा मिनिटं थांबतं, तेवढ्यात पलीकडे निघून जायचं असतं. वेळांचा तक्ता पाहून ती आठ वाजून पाच मिनिटांचा मुहूर्त अगदी गाठून आली होती. मग हे थांबत का नाही?

रेडिओ खरखरला. "पफिन, पफिन, इथे लेडी एड्ना. बाई... तक्त्यात हिवाळ्याचं घड्याळ असतं. उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे असतात, एक तास मिळवायचा."

टेसा कानापर्यंत लाल झाली. व्हिक्टोरिया शहरातल्या शाळेत ती गणित शिकवायची, आणि साधा एक मिळवायला विसरली! बरं, रेडिओवरचं बोलणं आसपासच्या प्रत्येक होडीत ऐकू जातं.

उजवीकडे झाडांच्या सावलीत एक जुनी हिरवी मासेमारीची होडी नांगरलेली होती, नाव 'लेडी एड्ना'. तिच्यावरच्या उंच माणसाने दोर फेकला, टेसाने झेलला आणि तिची होडी हिरव्या होडीला जाऊन टेकली.

"हसा ना," ती म्हणाली. "दाबून ठेवलंत तर पोट दुखेल."

"हसत नाहीये... चेहराच असा आहे." त्याने वाफाळता मग पुढे केला. "कॉफी घ्या. तासभर आहे आपल्याकडे."

त्याचं नाव हॅल्वर. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आजोबांची ही होडी घेऊन उत्तरेला, प्रिन्स रूपर्टला निघाला होता. तिथे घर होतं, पण वाट बघणारं कुणी नव्हतं. टेसाची सुट्टी चालू होती. सेमूरच्या खिंडीपर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं, असा तिचा बेत. तिथपर्यंत वाट एकच, म्हणून दोघं बरोबर निघाली. एवढं निमित्त दोघांनाही पुरलं.

पुढचे बारा दिवस काही ना काही होतच राहिलं. एका पहाटे टेसाचा नांगर सुटला आणि तिची होडी अलगद जाऊन त्याच्या होडीवर आदळली.

"सकाळी सकाळी भेटायला आलीस?" पायजम्यातच बाहेर येऊन त्याने विचारलं.

"मी नाही आले. होडी आली."

"होडीला कळतं मग."

आणखी एकदा त्याच्या होडीच्या पंख्यात समुद्री शेवाळ अडकलं. टेसाने पाव कापायची सुरी घेऊन बर्फगार पाण्यात बुडी मारली. ती वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याने आपला स्वेटर तिच्याभोवती गुंडाळला आणि... खांद्यांवरचे हात काढायला विसरला.

"हॅल्वर—हात."

"हो... हो, हो."

तो स्वेटर तिने परत दिला नाही आणि त्यानेही मागितला नाही. तो तिला अजून 'पफिन'च म्हणायचा. त्या किनाऱ्यावर माणसं होडीच्याच नावाने ओळखली जातात. मागून 'बटरकप' होडीतून येणारी सत्तरीची डॉरीन मात्र दोघांचं रेडिओवरचं बोलणं कान टवकारून ऐकत असे.

सेमूरच्या अलीकडे, मेंझीजच्या आखातात, शेवटचा मुक्काम पडला; सकाळी वाटा फुटणार होत्या. टेसाला तो हवा होता. इतकी साधी गोष्ट, पण जिभेवर येईल तर शपथ.

"बरं मग," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. दोघंही आपापल्या होडीत गेली.

सकाळी सेमूरचं पाणी थांबायची वेळ तक्त्यात नऊ वीस होती. म्हणजे खरे दहा वीस. टेसा स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसली होती. आसपास बटरकप आणि आणखी काही होड्या पाणी थांबायची वाट बघत नांगरल्या होत्या. सव्वानऊलाच लेडी एड्नाचा नांगर वर आला. हिरवी होडी खिंडीत शिरली, पाण्याने तिला आडवं फिरवलं आणि मागे ढकललं. ती पुन्हा पुढे गेली. टेसाने रेडिओ ओढला.

"लेडी एड्ना, इथे पफिन! अरे शहाण्या, तास मिळवायला विसरलास!"

रेडिओ खरखरला.

"नाही विसरलो."

"मग?"

"मला वाटलं... तासभर आधी गेलं, की कुणीतरी हाक मारतं."

टेसाने रेडिओचा आवाज वाढवला.

"टेसा," त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "व्हिक्टोरियात इंजिनं बिघडतात का गं?"

"माझं तर... दर आठवड्याला बिघडतं."

"अगं बाई, सरळ बोल ना!" मध्येच डॉरीनचा आवाज आला. "आम्ही सगळे नाश्ता सोडून बसलोय इथे!"

टेसा हसली, आणि त्याच हसण्यात रडलीही. "जाऊ नकोस, हॅल्वर. मला तू हवा आहेस. ऐकू दे सगळ्यांना."

हिरवी होडी वळली. या वेळी दोर टेसाने फेकला.

"घरी नाही जायचं?" तिने हळूच विचारलं.

"आलो की," तिच्या होडीत उतरून तो म्हणाला, आणि हात तिच्या खांद्यांवरून काढायला पुन्हा विसरला. या खेपेला तिने आठवण केली नाही.

दहा वीसला पाणी थांबलं. बाकीच्या होड्या एकामागून एक खिंडीत शिरल्या. बटरकपने जाता जाता दोनदा भोंगा वाजवला. दहा मिनिटांनी पाणी पुन्हा वाहू लागलं, तेव्हा दोन होड्या तिथेच होत्या आणि मगांतली कॉफी कधीच निवली होती.